माजघरातली शाळा आणि अनंताचे पेपर

वहिनी, परवा शेजारच्या दामलेबाई समाचाराला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुमच्या जाऊबाई शिकलेल्या किती हो?" कुठल्याच शाळेच्या हजेरीपटावर तुमचं नाव कधी लागलं नव्हतं. कल्याणला तुमच्या वडिलांनी ओटीवर समोर बसवून शिकवलं, तेवढंच तुमचं शिक्षण. पण संस्कृत श्लोकाचा अन्वय तुम्ही भाजी चिरता चिरता लावायचात, आणि त्रैराशिकाला तुम्हाला कधी पाटी लागली नाही. मी म्हटलं, "खूप शिकलेल्या." दामलेबाईंनी नुसती मान हलवली. त्यांना इयत्ता हवी होती.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, घर पुसून काढलं. आता तुमच्याशी बोलायला बसले आहे. तुम्ही असताना तुमच्यासमोर बसून जे सांगायला हवं होतं ते आता सांगते आहे. तुम्ही उलटून एक प्रश्नसुद्धा विचारणार नाही, आणि त्याचीच भीती जास्त वाटते.

सुधाच्या पायावरून वारं गेलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. आपण डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा इथे घरांपेक्षा शेतंच जास्त, आणि शाळेत जायचं तर भाताच्या बांधावरून. पावसात धडधाकट माणूस तिथे घसरायचा. मी तिला एकदा कडेवर घेऊन गेले, शाळेच्या ओट्यावर बसवलं, आणि पोरं तिच्या पायाकडे कशी बघतात ते पाहून तशीच परत घेऊन आले. घरी येऊन रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "रडताय कशाला? पाटी आहे, पेन्सिल आहे, मी आहे." एवढ्या वाक्यावर आपली शाळा सुरू झाली. भाऊजी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तुम्ही आमच्या घरात राहत होतात, आणि माझ्या मुलीसाठी काही करायला मिळालं याचाच तुम्हाला आनंद झाल्यासारखा दिसला. मला तेव्हा ते बरं वाटलं. आता वाटतं, तो आनंद मी फार सहज घेतला.

अनंता तेव्हा शाळेत जात होता. तुमचा एकुलता एक. जिभेला अडखळ होती, पण डोकं लखलखीत. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी चौथीत त्याला नवे मास्तर आले. त्यांनी त्याला बाकावर उभं केलं आणि सांगितलं, स्वतःचं नाव न अडखळता दहा वेळा म्हण. "अ-अ-अ" याच्यापुढे तो जाईना. वर्ग हसत होता. शेवटी त्याची चड्डी ओली झाली. ही हकीकत त्याने सांगितली नाही, शेजारच्या मुलाने सांगितली. तुम्ही हातातलं पीठ तसंच घेऊन शाळेत गेलात. परत आलात तेव्हा अनंताचं दप्तर तुमच्या खांद्यावर होतं.

"उद्यापासून दोघं माझ्याकडे," तुम्ही म्हणालात.

ह्यांनी जेवताना एकदा विचारलं, "वहिनी, मुलगा आहे. घरी शिकवून पुढे कसं व्हायचं त्याचं?"

"मॅट्रिकला बाहेरून बसता येतं," तुम्ही म्हणालात.

माजघरात खिडकीजवळ एकच लांब पाट होता. त्यावर दोघं शेजारी बसायची. तुम्ही समोर तांदूळ निवडत, नाहीतर वाती वळत. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवलेत. पिंपळाच्या पारापर्यंत पावलं मोजायला लावून मैल शिकवलात. आंबिवलीला तुमच्या मावशीकडे गेलो तेव्हा तुम्ही दोघांना नदीवर नेऊन पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते दुपारभर दाखवत बसलात. मी सावलीत बसून वैतागले होते.

माझी धास्ती मात्र कधी गेली नाही. दर जूनला रस्त्यावरून नवी पुस्तकं घेतलेली पोरं जायला लागली, की मनात यायचं, आपण मुलीचं वाटोळं तर करत नाही ना? ठाण्याचा माझा भाऊ आला की सुधाला प्रश्न विचारायचा. गणितात ती त्यालाच अडवायची, पण विज्ञानातलं काही विचारलं तर पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवायची. काचेची नळी, दिवा, चुंबक यांतलं तिने काही पाहिलेलं नव्हतं. आणि तुमचं इंग्रजी! वडिलांनी पुस्तकावरून शिकवलेलं, तुम्ही पुस्तकावरून शिकवलंत. सुधा कॉलेजात गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात 'क्नाईफ' म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन तिने तुम्हाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे पुस्तक घेऊन बसलात. "आता तू वाच, मी ऐकते. माझं सुधारायचं राहिलंय." तेव्हा तुम्ही चाळिशीच्या होतात.

एक गोष्ट मला सुरुवातीपासून दिसत होती, आणि मी बोलत नव्हते. सुधाला तुम्ही कठोर होतात. पाटी खाली पडली तर "ऊठ, तुझी तू घे." लंगडत, भिंतीला धरत ती उठायची. आत स्वयंपाकघरात मला हुंदका यायचा. पाहुणे आले की तिलाच पाणी घेऊन बाहेर पाठवायचात. "बघू देत पाय. एकदा बघतील, दोनदा बघतील, मग कंटाळतील." आणि अनंता? पाहुण्यांची चाहूल लागली की तो मागच्या दाराने पेरूच्या झाडाखाली. तुम्ही त्याला कधी हाक मारली नाहीत. प्रश्नाचं उत्तर त्याने पाटीवर लिहून दाखवलं तरी तुम्हाला चालायचं. तो घरात आपल्याशी कमीच अडखळायचा, सुधाशी तर जवळजवळ नाहीच. तुम्हाला वाटलं, बरा होतोय.

मॅट्रिकचं केंद्र ठाण्याला आलं. आठवडाभर मी दोघांना घेऊन भावाकडे राहिले. तुम्ही यायला निघाला होतात, मीच म्हटलं, "तुम्ही राहा, ह्यांच्या जेवणाचं कोण बघणार?" निघताना तुम्ही दोघांच्या कपाळाला अंगारा लावलात आणि अनंताच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलंत. सतरा वर्षांच्या मुलाचं बटण.

आता ते सांगते.

पहिला पेपर मराठीचा. अनंता हसतच बाहेर आला. दुसऱ्या दिवशी भाऊ-भावजय कामाला गेलेली, मी घरात एकटी होते. साडेअकराला दारात अनंता उभा. पेपर दोनला सुटायचा होता.

"काय रे? बरं नाही का?"

तो खाली बसला. पाणी दिलं, ते प्यायला. मग हळूहळू, एकेका शब्दाला थांबत सांगितलं. कुणी अनोळखी मास्तर देखरेखीला होते. सही घ्यायला आले आणि वरवर विचारलं, नाव काय? याच्या तोंडून निघेना. त्यांना वाटलं हा उर्मटपणा करतोय. ते मोठ्याने म्हणाले, "नाव विसरलास की काय?" मागून दोनतीन मुलं हसली. अनंता उठला, कोरा पेपर टेबलावर ठेवला आणि चालत घरी आला.

"चल," मी म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर, सांगते त्यांना."

"नाही."

"उद्या तरी?"

"नाही क-काकू. आणि म-माईला सांगू नका. तिला वाटेल श-शाळेसारखंच झालं पुन्हा."

मी "नाही सांगणार" म्हटलं. त्या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहून दुसरं काही म्हणता आलं नसतं. संध्याकाळपर्यंत शहाणपण येईल, उद्या जाईल, असं वाटलं. तो गेला नाही. मुलींची खोली वेगळी होती, म्हणून सुधाला कळलं नाही. रोज सकाळी तो तिच्याबरोबर केंद्राच्या फाटकापर्यंत जायचा आणि तिथून तळ्यावर यायचा. मी डबा घेऊन तिथे जायची. पाच दिवस आम्ही दोघं तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो, वहिनी. बदकं बघत, लोकांची धुणी बघत. संध्याकाळी मात्र सुधाकडून प्रश्नपत्रिका मागून घ्यायचा आणि एका कोपऱ्यात बसून सगळी सोडवायचा. सुधाला वाटायचं ताळा बघतोय. गणिताच्या दिवशी सुधा रडत आली, दोन उदाहरणं तिची चुकली होती. अनंताने तिला ती दोन्ही समजावून दिली. तेव्हा तो एकदाही अडखळला नाही. मी समोर पोळ्या लाटत होते. मी ऐकलं. तुम्ही शिकवलेलं सगळं त्याला येत होतं, आणि ते मला एकटीला ठाऊक होतं.

निकाल लागला. वर्तमानपत्रात सुधाचा नंबर होता, अनंताचा नव्हता. तुम्ही तीनदा कागद वाचलात, बोट नंबरांवरून खाली, पुन्हा वर. मग सुधाला जवळ घेतलंत, तिच्या तोंडात साखर घातलीत. अनंता पेरूखाली होता.

त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. शब्द दिला होता हे खरं. पण तेवढंच कारण नव्हतं, आणि तुमच्यापाशी आता खोटं बोलून काय करू? माझी लंगडी मुलगी पास झाली होती. दहा वर्षं लोकांचं ऐकून घेतलं होतं मी. तुमचा मुलगा नापास झाला, याने माझ्या मुलीचं यश थोडं मोठं दिसत होतं. ते मला आवडलं. किती दिवस आवडलं ते मी मोजलेलं नाही.

आठ दिवसांनी आपलं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, "गणितात गेला असेल. भूमितीला मी कमी पडले." असं तुम्ही रोज म्हणायचात, विषय बदलून. मला ते ऐकवेना, आणि खरं सांगण्याऐवजी मी भलतंच बोलले.

"विषयांचं काही नाही वहिनी. तुम्ही त्याला घरात कोंडून ठेवलंत, म्हणून तो असा झाला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "आणि तुमच्या सुधाला घरात ठेवलं म्हणून ती तशी झाली, ते?"

एकच पाट, एकच पाटी, शिकवणारं एकच माणूस. एक मुलगी पाय ओढत ठाण्याच्या शाळेत आज पन्नास मुलींसमोर उभी राहून शिकवते. एक मुलगा नाव विचारलं म्हणून परीक्षेतून उठून येतो. तो शाळेतच राहिला असता तर काय झालं असतं? त्या मास्तरांच्या हाताखाली आणखी वर्षभर? मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते आणि रोज निराळं उत्तर येतं. एवढंच कळतं, की माझ्या मुलीची तुम्हाला दया आली नाही आणि तुमच्या मुलाची आली. पण तुम्ही पोटची आई होतात. माझ्या मुलीच्या बाबतीत मीही दयाच केली असती, तुम्ही मध्ये नसतात तर.

त्या भांडणानंतर तुम्ही पाट उभा करून भिंतीला लावलात. खाडीकडच्या गावातून भाजी घेऊन येणारी बारकीबाय त्याच पावसाळ्यात आपल्या यसूला घेऊन आली. यसूने चौथी संपवली होती, पुढे गावात शाळा नव्हती.

"माजे पोरीला शिकव गो बाय, तुजे सुदासारकी."

"माझ्या शिकवण्यात खोट आहे," तुम्ही म्हणालात. "माझा स्वतःचा मुलगा नापास झाला. दुसऱ्याच्या मुलीचं नुकसान नको."

बारकीबाय दोनदा आली. यसू उंबऱ्यावर बसून सुधाचं जुनं पुस्तक वाचत होती, अक्षर न् अक्षर, मोठ्याने. मी आत होते. एक वाक्य बोलले असते तर तुम्ही पाट खाली टाकला असतात. मी बोलले नाही. मागच्या वैशाखात यसूचं लग्न झालं. परवा बारकीबाय तुमच्यासाठी रडून गेली, तेव्हा म्हणाली, पोरगी अजून येईल तो कागद वाचते, पुडीचा असला तरी. मी तिच्याकडून भाजी घेतली.

अनंता कल्याणच्या छापखान्यात लागला. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम, तोंडाने बोलायला नको. तुम्हाला ते लागलं. "मॅट्रिक झाला असता तर कचेरीत खुर्चीवर बसला असता," म्हणायचात. तेराव्याला छापखान्याचे मालक आले होते. ते मला म्हणाले, "बाई, तुमचा अनंत आमच्याकडे येणाऱ्या पंडितांच्या संस्कृतातल्या चुका काढतो. कागदावर लिहून हळूच देतो. कुणी शिकवलं हो याला?" मी तुमच्या समईकडे बोट दाखवलं.

आणि तुमचा तो शेवटचा ताप. चौथ्या दिवशी दुपारी मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलात. एकदम म्हणालात, "अनंताला गणित मी नीट शिकवलं नव्हतं का हो?"

"पडून राहा आता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. ते तुमचं मला शेवटचं बोलणं, आणि "पडून राहा आता" हे माझं. तुम्ही बऱ्या झालात की सांगेन, असं त्या दुपारी मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. वहिनी, तुम्ही फार नीट शिकवलं होतं.

चौदाव्या दिवशी आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. सुधा तुमच्या वह्या आवरत होती. ती म्हणाली, "माईने आपल्याला एकच शिकवलं अनंता. तू नापास कसा झालास, मला अजून कळलेलं नाही."

"मी प-पेपर लिहिलेच नाहीत," अनंता म्हणाला. "एकच लिहिला. काकूंना माहीत आहे."

सुधाने वही खाली ठेवली. "आई?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेईपर्यंत उभीच होती, तिचा पाय दुखत असणार. मग म्हणाली, "चार वर्षं? चार वर्षं माई म्हणत होती मी कमी पडले, आणि तू समोर बसून ऐकत होतीस?"

मला वाटलं अनंता माझी बाजू घेईल, शब्द त्यानेच मागितला होता. पण तो दुसऱ्याच विचारात होता.

"क-काकू, म्हणजे माईला श-शेवटपर्यंत वाटत होतं, मी सगळे पेपर लिहिले?"

"हो रे."

"म्हणजे तिला वाटत होतं, मला क-काही येत नाही."

वहिनी, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात, एवढंच मी बघत होते. त्याला काय गमवावं लागलं, ते मला त्या क्षणी कळलं.

मग मी उठले आणि ट्रंकेच्या तळातून ती गुणपत्रिका काढली. चार वर्षांपूर्वी टपालवाल्याने दोन पाकिटं आणली, तेव्हा तुम्ही विहिरीवर होतात. सुधाचं मी तुम्हाला दिलं. अनंताचं विचारलंत तेव्हा, "नापासांना पाठवत नाहीत," असं सांगितलं. तुम्ही विश्वास ठेवलात. शाळेचे रिवाज तुम्हाला कुठे माहीत होते?

अनंताने कागद उलगडला. खाली सगळीकडे गैरहजर, गैरहजर. वर मराठीपुढे एकाहत्तर. तो आकडा त्याने खूप वेळ पाहिला.

"सुधा," तो म्हणाला, "तुला म-मराठीत किती होते?"

सुधा माझ्यावर इतकी चिडलेली होती की तिला बोलायचं नव्हतं. पण सवयीने उत्तर निघून गेलं. "चौसष्ट."

अनंता हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. सुधा पण हसायला गेली आणि तिला रडू कोसळलं. दोघं तिथेच जमिनीवर बसली. मी चुलीशी उभी राहिले. मला त्यांच्यात बसायची हिंमत झाली नाही.

सुधा माझ्याशी कामापुरतं बोलते. आठवड्याने ठाण्याला परत जाईल, जाताना काय म्हणेल याची मला रोज धास्ती आहे. अनंता नीट जेवतो. पण दुसऱ्या दिवशी तो कामावर निघाला तेव्हा गुणपत्रिका त्याच्या खिशात होती, आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला तो आला नाही. मी दारात, मग रस्त्यावर, मग पिंपळाच्या पारापर्यंत जाऊन आले. नाही नाही ते मनात आलं. दिवेलागणीला तो आला.

"कुठे होतास रे?"

"छ-छापखान्यात. मालकांना गुणपत्रिका दाखवली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ब-बाकीचे पेपर कुठे आहेत?"

"मग?"

"सांगितलं. सगळं. श-शाळेपासून." त्याने चपला काढून कडेला ठेवल्या. "अर्धा तास ल-लागला."

"तेवढा वेळ थांबले ते?"

"थांबले," अनंता म्हणाला, आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेला.